केमिकल टँकरचा जादा भत्ता कशाचा?

महाड तालुक्यातील एका गावाहून मध्यंतरी आमच्याकडे एक पत्र आले. लिहिणारे गृहस्थ सव्वीस वर्षे ट्रक चालवून आता गुडघ्यांमुळे घरी बसले आहेत. त्यांचा धाकटा मुलगा चार वर्षांपासून साध्या मालाच्या ट्रकवर आहे. सिमेंट, सळई, हंगामात आंबा. आता त्याला एका टँकर मालकाने बोलावले आहे. माल केमिकलचा आणि खेपेला भत्ता जवळजवळ दीडपट. आई नको म्हणते, मुलगा जातो म्हणतो, वडील दोघांच्या मध्ये अडकले आहेत. पत्राच्या शेवटी ते लिहितात, "आपल्या पानावर धंद्यातील नफ्यातोट्याच्या गोष्टी येतात. हा सौदा नफ्याचा की तोट्याचा, एवढे कळवावे. मी ट्रकवाला माणूस, टँकरचे मला काही कळत नाही."

प्रश्न एका घरचा असला तरी आमच्या वाचकांत अशी घरे पुष्कळ आहेत. कोकण, मराठवाडा, भिवंडी, मालेगाव, मिरज, कोठेही जा, मोहल्ल्यात दोन-चार ड्रायव्हर निघतातच. म्हणून दोन ओळींचे उत्तर न धाडता आम्ही ते पत्र खिशात घालून कळंबोलीच्या ट्रक टर्मिनलवर गेलो. तेथून तळोज्याच्या रस्त्यावर उभ्या असलेल्या टँकरांच्या रांगेत दोन दिवस बसलो. पुढच्या आठवड्यात लोटे परशुरामलाही जाऊन आलो. ड्रायव्हर बोलले, दोघे मालक बोलले, आणि एका कारखान्याच्या सुरक्षा अधिकाऱ्यानेही नाव न छापण्याच्या अटीवर बरीच माहिती दिली.

दीडपटीचा हिशेब

टँकरच्या धंद्यात पगार हा शब्द जपून वापरावा लागतो. बहुतेक ठिकाणी महिन्याचा ठरलेला पगार अगदी थोडा असतो, आणि खरी कमाई खेपेवर असते. मालक खेपेची एकगठ्ठा खर्ची देतो. त्यात जेवणखाण, रस्त्यातला वरखर्च, किन्नर म्हणजे क्लीनर सोबत असल्यास त्याचेही भागवायचे. उरेल ते ड्रायव्हरचे. काही मालक किलोमीटरवर देतात. केमिकलला साध्या मालापेक्षा भत्ता जास्त, हे खरे आहे. किती जास्त, ते मालकागणिक आणि रस्त्यागणिक बदलते, म्हणून आम्ही दर छापत नाही.

पण खेपेचा भत्ता जास्त म्हणून महिन्याची कमाई जास्त, हे गणित आम्हाला रांगेत बसल्यावर पटेनासे झाले. केवळ उदाहरणादाखल धरा. साध्या ट्रकवर खेपेला १,२०० रुपये आणि महिन्यात ८ खेपा, म्हणजे ९,६०० रुपये. टँकरवर खेपेला १,८०० रुपये, पण खेपा ५, म्हणजे ९,०००. खेपा का कमी होतात? कारखान्याच्या गेटवर नंबर लागतो. टाकी कोरडी व स्वच्छ आहे की नाही हे तपासतात, आणि नाही म्हटले की परत धुवायला पाठवतात. भरल्यावर वजनकाटा, कागद, सील. माल उतरवायच्या ठिकाणी तर आधी नमुना काढून प्रयोगशाळेत जातो. नमुना पास होईपर्यंत पाइप लागत नाही. तेथल्या साठवण टाकीत जागा नसली तर आणखी एक दिवस, पुढे रविवार आला तर दोन. चाक फिरत नाही, तेव्हा भत्ताही फिरत नाही. कारखान्याकडून थांबण्याबद्दल काही रक्कम मालकाला मिळते, कधी मिळत नाही. ड्रायव्हरच्या हातात त्यातले किती पडते, असे आम्ही रांगेत विचारले तेव्हा लोक हसले.

वजनातली तूट हा दुसरा खड्डा. भरताना आणि उतरवताना काट्यावर फरक आला की 'शॉर्टेज' म्हणून तो ड्रायव्हरच्या हिशेबातून कापण्याची रीत अनेकांकडे आहे. उडणारा माल उन्हात थोडाफार कमी होणारच, हे सर्वांना ठाऊक असते. तरीही कापतात. परिणाम असा होतो की ड्रायव्हर स्वतः टाकीवर चढतो, ढक्कन उघडून आत पट्टी घालतो आणि तोंड झाकणापाशी नेऊन पातळी पाहतो. आतली वाफ त्याच वेळी थेट नाकात जाते. तूट कापण्याची रीत आणि छातीचा रोग यांचा संबंध असा टाकीच्या तोंडापाशी लागतो. पण हिशेबाच्या वहीत तो कोणालाच दिसत नाही.

२०२० साली सेव्हलाईफ फाउंडेशनने देशातील १० शहरांतल्या ट्रक ड्रायव्हरांची पाहणी प्रसिद्ध केली होती. ड्रायव्हर दिवसाला सरासरी सुमारे १२ तास गाडी चालवतात, जवळपास निम्मे थकलेल्या किंवा झोपेच्या भरातही चालवत राहतात, आणि निम्म्याहून अधिकांची कमाई महिना १० ते २० हजारांच्या दरम्यान आहे, असे त्यात आढळले. ही पाहणी सर्व प्रकारच्या ट्रकांची होती, पण झोप टँकरवाल्यालाही तशीच येते.

झोपेबाबत कायदा नव्हता असे नाही. मोटार परिवहन कामगार कायदा, १९६१ प्रमाणे दिवसाला ८ तास व आठवड्याला ४८ तास ही मर्यादा होती, आणि लांब पल्ल्यासाठी सवलत धरून दिवसाला १० तास. हा कायदा आता २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संहितेत सामावला असून ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत तर धोकादायक माल नेणाऱ्या गाडीत चालवण्याचे तास नोंदवणारे टॅकोग्राफ नावाचे यंत्र हवे, असे लिहून ठेवले होते. आम्ही रांगेत त्याची चौकशी केली. एकाने आम्हाला केबिनमधला टेप दाखवला.

अंगावर काय येते

टँकर म्हटला की लोकांना स्फोट आठवतो. साहजिक आहे. १३ जून २०२३ रोजी मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर खंडाळ्याजवळ टँकर उलटून पेटला आणि चार जण गेले. पेटता द्रव पुलावरून खाली सांडल्यामुळे खालच्या रस्त्यावरची माणसेही त्यात सापडली. २७ ऑगस्ट २०१२ रोजी केरळात कन्नूरजवळ चाला येथे गॅसचा टँकर उलटला, तेव्हा वीसजण दगावले. २० डिसेंबर २०२४ च्या पहाटे जयपूर-अजमेर रस्त्यावर भांकरोटा येथे झालेल्या गॅस टँकरच्या आगीतही जवळपास तितकेच. या बातम्या पहिल्या पानावर येतात. पण वीस-पंचवीस वर्षे केमिकल वाहिलेल्या ड्रायव्हरला जे होते, ते कोठेच छापून येत नाही.

तळोज्याच्या रांगेत आम्हाला मराठवाड्यातले एक चाचा भेटले. बावीस वर्षे केमिकलवर. हाताची कातडी कोरड्या तलावाच्या तळासारखी चिरलेली. ही कॉस्टिकची कृपा, असे ते म्हणाले. कॉस्टिक सोडा तेलकटपणा ओढून घेतो, कातडी फाटते, आणि फाटलेल्या कातडीतून पुढचे केमिकल सहज आत जाते. डोळ्यात गेला तर तेजाबापेक्षाही वाईट, कारण तो आत आत खात जातो. पहिले पंधरा-वीस मिनिटे नुसते पाणी, पाणी आणि पाणी, दवाखाना त्यानंतर. हे चाचांना कोणत्या वर्गात शिकवले नाही. त्यांच्या उस्तादांनी शिकवले, आणि उस्तादांचा एक डोळा गेल्यावर शिकवले.

प्रत्येक मालाची खोड निराळी आहे. बेंझिनचा वास गोडसर, त्रासही लगेच होत नाही. पण वर्षानुवर्षे वाफ पोटात गेली तर हाडातला मगज, जेथे रक्त तयार होते, तो बिघडतो. रक्ताचा कर्करोग होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने फार पूर्वीच नक्की केले आहे. फिनॉल अंगावर पडले तर जागा बधिर होते, दुखत नाही, म्हणून माणूस दुर्लक्ष करतो आणि तेवढ्या वेळात ते कातडीतून रक्तात जाते. ॲनिलिनने ओठ व नखे निळी पडतात, कारण रक्ताला प्राणवायू वाहून नेता येत नाही. मिथेनॉल दारूसारखे दिसते, दारूसारखे लागते, आणि थोडे पोटात गेले तरी नजर जाऊ शकते. त्याचा त्रास काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी सुरू होतो. फोम बनवण्याच्या टीडीआयमुळे दमा जडतो, आणि एकदा जडला की पुढे नुसत्या वासानेही उठतो. हायड्रोजन सल्फाइड हा कुजक्या अंड्यांच्या वासाचा वायू जास्त प्रमाणात असेल तर नाकच बधिर होते. चाचांच्या शब्दांत, "वास येतो तोवर ठीक आहे साहेब. वास यायचा थांबला की पळायचं."

सगळ्यांत मोठे संकट रस्त्यावर नसून टाकीच्या आत असते. एक माल उतरल्यावर दुसरा भरण्याआधी टाकी धुवावी लागते. व्यवस्थित धुण्याच्या जागी वाफ, पाणी, हवा खेळवणे, वायूची तपासणी, मग परवानगी, असा क्रम असतो. त्याला पैसे पडतात आणि दिवस जातो. म्हणून अनेकदा शंभर-दोनशे रुपये हातावर ठेवून किन्नराला चिंध्या व बादली देऊन आत उतरवतात. टाकीत नायट्रोजन भरलेला असेल तर त्याला वासही नाही, रंगही नाही. हवेत प्राणवायू साधारण २१ टक्के असतो. तो १० टक्क्यांच्या खाली गेला की माणूस दोन-चार श्वासांत कोसळतो, हाक मारण्याइतकीही सवड मिळत नाही. मग वरचा माणूस त्याला काढायला उतरतो आणि तोही आतच राहतो. अशा घटनांत मेलेल्यांत वाचवायला गेलेलेच पुष्कळ असतात. ज्या पोराचा मोठा भाऊ किंवा चुलता ड्रायव्हर आहे, त्या ड्रायव्हरने दोर बांधल्याशिवाय आणि तपासणी झाल्याशिवाय पोराला टाकीत उतरू देऊ नये. मालक रागावला तर रागावू द्यावा.

धुतलेले पाणी आणि कारखान्याची रासायनिक घाण कोठे जाते, हाही प्रश्न आहे. ६ जानेवारी २०२२ रोजी सुरतेजवळ सचिन औद्योगिक वसाहतीत एका टँकरमधले रसायन नाल्यात सोडताना विषारी वायू झाला आणि शेजारच्या गिरणीतले सहा कामगार झोपेत-जागेत गेले. अशा खेपेला भत्ता भरपूर सांगतात, आणि ती रात्रीची असते. आमच्या पत्रलेखकांच्या मुलाने एवढे तरी पक्के लक्षात ठेवावे की मालाचे नाव नसलेली खेप घ्यायची नाही.

आणखी एक गोष्ट बायकांनी सांगितली. लोटे येथे एका ड्रायव्हरच्या घरी आम्ही चहा घेतला. त्यांची पत्नी नवऱ्याचे कपडे निराळ्या बादलीत भिजवते, मुलांच्या कपड्यांत मिसळत नाही. सुरुवातीला मिसळत होती, तेव्हा धाकटीच्या अंगावर चट्टे उठले.

नियम चांगले आहेत

नियमांची चेष्टा करणे सोपे असते, पण १९८९ चे नियम खरोखर विचार करून केलेले आहेत. भोपाळची १९८४ ची दुर्घटना डोळ्यांसमोर ताजी होती. नियम ९ प्रमाणे धोकादायक माल नेणाऱ्या ड्रायव्हरला एक भारतीय भाषा आणि इंग्रजी लिहिता-वाचता आली पाहिजे, आणि त्याने मान्यताप्राप्त संस्थेत ३ दिवसांचे प्रशिक्षण घेऊन लायसनवर तशी नोंद करून घेतली पाहिजे. ही नोंद पूर्वी एक वर्षाची असे, २०१९ च्या दुरुस्तीनंतर तीन वर्षांची झाली. माल पाठवणाऱ्याने मालाची पूर्ण माहिती द्यायची, मालकाने ती ड्रायव्हरला समजली आहे याची खात्री करायची, आणि ड्रायव्हरने ती लेखी स्वरूपात केबिनमध्ये ठेवायची. या कागदाला ट्रेम कार्ड म्हणतात. गाडीत प्रथमोपचार पेटी, बचावाची साधने आणि त्या मालावरचा उतारा हवा. टाकीवर मालाचे नाव, धोक्याचे चिन्ह आणि चार आकडी क्रमांक असलेली पाटी हवी. हे क्रमांक जगभर एकच आहेत : १११४ म्हणजे बेंझिन, १२३० मिथेनॉल, १८३० गंधकाम्ल, १००५ अमोनिया.

रांगेत काय दिसले? पाटी बहुतेकांवर होती. पण आजचा माल वेगळा आणि पाटी गेल्या खेपेची, असेही दिसले. ट्रेम कार्ड पुष्कळांकडे होते, पण इंग्रजीत. ते कशासाठी आहे असे विचारता एकजण म्हणाला, "आरटीओला दाखवायला." हातमोजे होते, पण एकाच मापाचे आणि एकाच जातीचे. वास्तविक तेजाबाला चालणारा मोजा बेंझिनमध्ये फुगून फाटतो. प्रशिक्षणाचा दाखला सर्वांकडे होता. तीन दिवस वर्गात बसलेले किती, हे आम्ही विचारले नाही, कारण ज्यांना आम्ही पाहुणे होतो त्यांना खोटे बोलायला लावणे बरे नव्हे.

अपघात झाल्यास ड्रायव्हरने जवळच्या पोलीस ठाण्याला ताबडतोब कळवावे, असाही नियम आहे. पण जमावाच्या भीतीने ड्रायव्हर पळतो. जानेवारी २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत टँकर ड्रायव्हरांनी जो संप केला, मनमाडजवळच्या पानेवाडीच्या डेपोतून गाड्या निघेनात आणि पंपांवर रांगा लागल्या, तो याच भीतीतून. अपघात करून न कळवता निघून गेल्यास दहा वर्षांपर्यंत शिक्षा, असे नव्या कायद्यातले कलम होते. सरकारने चर्चेचे आश्वासन दिले आणि १ जुलै २०२४ ला बाकीचा कायदा लागू झाला तेव्हा ते कलम तूर्त बाजूला ठेवले. केमिकलच्या गाडीत ही भीती जास्त घातक ठरते. आत काय आहे आणि त्यावर पाणी मारावे की नाही, हे जागेवर जाणणारा माणूस तो एकटाच असतो. बंबवाले येतात तोवर तो नाहीसा झालेला असतो.

कागदावरचा ड्रायव्हर

आता नफ्यातोट्याचा खरा भाग. महाडच्या वाचकांनी येथे नीट लक्ष द्यावे.

भोपाळनंतर १९९१ साली सार्वजनिक दायित्व विमा कायदा झाला. धोकादायक रसायनाच्या अपघातात, वाहतुकीतल्या अपघातातही, चूक कोणाची हे न पाहता माणसाला तातडीची मदत मिळावी, हा त्याचा हेतू. पण या कायद्याच्या तिसऱ्या कलमातच शब्द आहेत की ही मदत कामगार सोडून इतरांसाठी. म्हणजे टँकर फुटला तर रस्त्याकडेला चहा पिणाऱ्याचा त्यात हक्क, आणि स्टेअरिंगवरच्या माणसाला त्यात जागा नाही. त्याच्यासाठी १९२३ चा कामगार भरपाई कायदा आहे, असे समजून त्याला वगळले. हा कायदाही आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत गेला आहे.

त्या भरपाईचे सूत्र असे. मृत्यू झाल्यास महिन्याच्या पगाराचा निम्मा भाग घ्यायचा आणि त्याला वयानुसार ठरलेल्या आकड्याने गुणायचे. ३५ व्या वर्षासाठी हा आकडा १९७.०६ आहे. हिशेबाला धरायच्या पगाराची कमाल मर्यादा २०२० साली ८,००० वरून १५,००० रुपये करण्यात आली. आता पाहा. कागदावर पगार १५,००० असेल तर कुटुंबाला १४,७७,९५० रुपये बसतात. कागदावर पगार ६,००० असेल आणि बाकीची कमाई भत्ता व खर्ची म्हणून हातोहात दिलेली असेल, तर बसतात ५,९१,१८०. माणूस तोच, टँकर तोच, घरात येणारा पैसाही तोच, आणि फरक आठ लाख शहाऐंशी हजारांचा. कारण प्रवास भत्ता आणि कामाच्या खर्चापोटी दिलेली रक्कम कायदा पगारात धरत नाही. नव्या संहितांत एक सुधारणा आहे. अशा वगळलेल्या रकमा एकूण मोबदल्याच्या निम्म्यापेक्षा जास्त झाल्या तर वरचा भाग पगारातच धरायचा. पण त्यासाठी तो भत्ता कोठेतरी लिहिलेला तरी असायला हवा.

आजारपणाचे आणखी कठीण. बेंझिनसारख्या विषांमुळे होणारे रोग व्यवसायजन्य रोगांच्या यादीत आहेत, भरपाईचा हक्कही आहे. मात्र त्याच मालकाकडे सलग किमान सहा महिने ते काम केलेले असले पाहिजे. आमच्या रांगेतले अर्धे ड्रायव्हर दर तीन-चार महिन्यांनी गाडी बदलणारे. कोणी उचल फिटली म्हणून बदलतो, कोणी भांडण झाले म्हणून, कोणी गावी लग्न होते म्हणून. वीस वर्षे बेंझिन वाहिले तरी कायद्याच्या दृष्टीने त्याने ते सहा महिनेही वाहिले नाही.

सुरक्षा अधिकाऱ्यांनी आम्हाला एक गोष्ट दाखवली, ती अजून डोळ्यांसमोरून जात नाही. त्यांच्या आवारात भरण्याच्या पंपावर काम करणाऱ्या माणसाची ठरलेल्या मुदतीने रक्ततपासणी होते आणि तिची फाईल राहते. १९८७ साली कारखाने कायद्यात भोपाळमुळेच ही तरतूद आली होती. त्या पंपाचा पाइप ज्याच्या टाकीत जातो, तो ड्रायव्हर चार हातांवर उभा असतो. तीच वाफ त्याच्या नाकात जाते. त्याची फाईल नाही, कारण तो हजेरीपटावर नाही. गेटवर त्याच्या नावाची नोंद होते, पण ती गाडीच्या नंबरपुढे.

मालकांचेही ऐकले

आमच्या वाचकांत एक-दोन टँकरांचे मालकही आहेत आणि ते एव्हाना रागावले असतील. त्यांची बाजू अशी. मोठा कारखाना कंत्राट मोठ्या वाहतूकदाराला देतो, तो दलालामार्फत छोट्याच्या गाड्या लावतो. भाडे टनावर आणि अंतरावर ठरते. धोका म्हणून निराळी रक्कम कोणी लिहीत नाही. बिल दोन-दोन, तीन-तीन महिने निघत नाही, पण बँकेचा हप्ता महिन्याच्या महिन्याला येतो. स्टेनलेस स्टीलची टाकी, रबराचे अस्तर, विमा, टायर. एका मालकाने आम्हाला वहीच उघडून दाखवली. "ड्रायव्हरला कमी देतो म्हणता, मला काय उरते ते बघा," म्हणाले. पाहिले. फार उरत नव्हते, हे कबूल करतो.

पण त्याच वहीत ड्रायव्हरच्या नावापुढे पगार, भत्ता, खर्ची असे तीन रकाने होते आणि पगाराच्या रकान्याखाली एकही आकडा नव्हता. तेथे आकडा लिहायला भाडे वाढण्याची वाट पाहावी लागत नाही. दहा किंवा अधिक माणसे असलेल्या वाहतूक व्यवसायाला राज्य कामगार विमा लागू होतो. २०१७ पासून त्याची पगारमर्यादा २१,००० आहे. ज्यांच्याकडे दहा माणसे नाहीत त्यांनी निदान गाडीच्या पॉलिसीत पगारी ड्रायव्हरची आणि किन्नराची, दोघांचीही जबाबदारी घातली आहे का, हे एजंटाला विचारावे. त्याचा हप्ता टायरच्या मानाने काहीच नाही. एक सुधारणा तर मालकाच्या इच्छेवरही राहिलेली नाही. आता नव्याने बनणाऱ्या मोठ्या ट्रकांच्या केबिनला वातानुकूलन सक्तीचे आहे. मे महिन्यात तळोज्याच्या रांगेत बसून पाहिलेल्याला त्याचे महत्त्व सांगायला नको. अर्थात रांगेतल्या गाड्या जुन्या आहेत आणि अजून बरीच वर्षे जुन्याच राहतील.

महाडच्या वाचकांना

आपल्या चिरंजीवांनी जावे की नाही, हे आम्ही कोण सांगणार? टँकरवर राहून मुले शिकवणारी, घर बांधणारी माणसेही आम्हाला भेटली. पण जाण्याआधी मालकाला विचारायच्या गोष्टी आहेत. भत्ता किती हे त्याने सांगितलेच आहे. आता पगार किती आणि तो बँकेत की हातात, हे विचारावे. हातात असेल तर सौदा दीडपटीचा नाही, असे धरून चालावे. महिन्याला खेपा किती पडतात हे मालकाला न विचारता त्याच्याच दुसऱ्या ड्रायव्हरला विचारावे. थांबण्याचे पैसे आणि तूट कापण्याची रीत आधीच ठरवावी. कोणता माल, त्याचे कार्ड मराठीत किंवा हिंदीत समजावून देणार का, मोजे त्या मालाचे आहेत का. टाकी कोण धुतो आणि कोठे. पॉलिसीची प्रत पाहायला मागावी.

मुलगा रुजू झालाच तर पहिल्या दिवसापासून एक वही ठेवावी. तारीख, गाडीचा नंबर, मालाचे नाव, चार आकडी क्रमांक, कोठून कोठे, किती तास. बिल्टीचा फोटो मोबाईलमध्ये. उद्या दवाखान्यात किंवा कोर्टात हीच वही उपयोगी पडेल, दुसरे कोणी ती ठेवणार नाही. रुजू होण्याआधी एकदा रक्ततपासणी व छातीचा फोटो काढून ठेवावा आणि दर वर्षी पुन्हा काढावा, म्हणजे बिघाड कधी सुरू झाला ते कळते. घरी आल्यावर आधी अंघोळ, मग मुलांना जवळ घेणे.

हे सर्व आम्ही त्या गृहस्थांना पत्राने कळवले होते. हा मजकूर छपाईला देताना त्यांचे उत्तर आले. मुलगा मालकाला भेटून आला. तूट कापणार नाही, असे मालकाने तोंडी कबूल केले. माल कोणता तेही सांगितले, बहुतेक खेपा कॉस्टिकच्या आणि अधूनमधून टोल्युइनच्या. पगार बँकेत देण्याबद्दल विचारले तेव्हा मात्र, "भावाला विचारून सांगतो," म्हणाला. त्याला आता बारा दिवस झाले. मुलगा अजून सिमेंटच्याच गाडीवर आहे.